अमेरिकन क्रांती, पेन्शनचे अर्ज आणि एक म्हातारी हरिणी

वूस्टरकर | शनिवार, रात्री ११:१०

यंदा ४ जुलैला अमेरिकेला अडीचशे वर्षं होतायत. आमच्याकडे झेंड्यांचा नुसता पूर आलाय. किराणा दुकानातल्या कलिंगडावरसुद्धा झेंड्याचं स्टिकर. मी मॅसॅच्युसेट्समध्ये श्रूजबरीला राहतो, वूस्टरच्या शेजारी. (स्पेलिंग बघून 'वॉर्सेस्टर' म्हणणारा मीही एके काळी होतो, हसू नका.)

जानेवारीत दारातला बर्फ काढताना घसरलो. पाय प्लॅस्टरमध्ये, सहा आठवडे घरी. मी घरात सगळ्यांचं डोकं खातोय हे बघून बायकोने इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या एका उपक्रमाची लिंक पाठवली. स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांचे पेन्शनचे अर्ज स्कॅन करून ठेवलेत, ते वाचून टंकायचे. घरबसल्या कुणालाही करता येतं. फायली ८०,००० च्या घरात आहेत. पाय बरा झाला, नाद काही सुटला नाही.

तर पार्श्वभूमी अशी. लढाई १७८३ ला संपली. जखमी-अपंगांना थोडंफार मिळायचं, पण धडधाकट परतलेल्या साध्या शिपायाला पेन्शन मिळायला १८१८ उजाडलं. तेही नडलेल्यालाच, महिना ८ डॉलर. अर्जांचा असा लोंढा आला की सरकार हबकलं आणि १८२० मध्ये नवा नियम निघाला: गरीब आहात ना, मग घरातल्या चीजवस्तूंची यादी द्या. कोर्टात उभं राहून, शपथेवर.

साठी-सत्तरीची माणसं. आयुष्यात एकदा सैन्यात गेलेली. पस्तीस-चाळीस वर्षांनी न्यायाधीशापुढे उभं राहून सांगतायत की माझ्याकडे एक गाय आहे, दोन खुर्च्या आहेत, एक तुटका चरखा आहे. जोसेफ प्लम्ब मार्टिन नावाचा शिपाई पंधराव्या वर्षी भरती झाला आणि शेवटपर्यंत राहिला. त्याची सगळी दौलत म्हणजे दोन गाई, सहा मेंढ्या, एक डुक्कर. त्याने पुढे १८३० मध्ये आठवणी छापल्या, नाव न घालता. उपासमार, अनवाणी चाल, न मिळालेला पगार, सगळं त्यात आहे, आणि माणूस भयंकर तिरकस. म्हणून त्याचं नाव आज अभ्यासकांना तरी माहीत आहे. बाकीच्यांची फक्त यादी उरली.

आपल्याला शाळेत (आणि इथल्या पोरांनाही) काय शिकवतात? जेफरसनने जाहीरनामा लिहिला, वॉशिंग्टनने युद्ध जिंकलं, फ्रँकलिनने फ्रान्सला पटवलं. पाच-सहा माणसांत कारभार आटोपला. मी ज्या रस्त्याने रोज कामाला जातो तिथे जाहीरनाम्याच्या बावीस महिने आधी काय झालं, हे इथे पंधरा वर्षं राहून मला माहीत नव्हतं.

१७७४ मध्ये बोस्टनला लोकांनी चहा समुद्रात बुडवल्याची शिक्षा म्हणून इंग्लंडच्या संसदेने मॅसॅच्युसेट्सची सनदच कापली. वरचं सभागृह राजा नेमणार, ज्युरी शेरीफ निवडणार, गावसभा परवानगीशिवाय वर्षातून एकदाच. चहावरचा कर शेतकऱ्याला फारसा बोचत नव्हता, पण हे घरात शिरलं. कारण कर्जाचा दावा लागला की जमीन कोर्टातूनच जायची. ते कोर्ट राजाच्या माणसांच्या हातात गेलं तर?

६ सप्टेंबर १७७४. वूस्टरला कोर्ट भरायचा दिवस. ३७ गावांतून ४,६२२ माणसं आली. हा आकडा अंदाजे नाही, त्या दिवशी तुकड्यातुकड्यांनी मोजलेला आहे. जिल्ह्यातले निम्मे बाप्ये म्हणा ना. कोर्टाच्या इमारतीत आतून ठाण मांडलं. न्यायाधीश आणि अंमलदार शेजारच्या खाणावळीत जाऊन बसले. मग हे सगळे रस्त्याच्या दोन्ही कडांना ओळीने उभे राहिले आणि त्या साहेबलोकांना मधून चालायला लावलं, टोपी हातात घेऊन. प्रत्येकाने आपण नव्या कायद्याखाली काम करणार नाही हा कबुलीजबाब वाचायचा. मागच्यांना ऐकू आला नाही की पुन्हा वाचायचा. तीस-तीसदा वाचला म्हणतात. रक्ताचा थेंब सांडला नाही. त्या दिवशी त्या जिल्ह्यातून इंग्रजांचा अंमल उठला तो कायमचा. पुढाऱ्यांपैकी एक टिमथी बिगेलो, धंद्याने लोहार.

गोळी सुटली नाही, म्हणून चित्र नाही. एकच एक पुढारी नव्हता, म्हणून पुतळा नाही. माझं तरी हेच म्हणणं आहे की ४ जुलैला फिलाडेल्फियात जे झालं तो दस्त. व्यवहार आधीच झाला होता. (आणि त्या दस्तावर बहुतेकांच्या सह्या २ ऑगस्टला झाल्या, ते एक असोच.)

आता धागा काढायचं खरं कारण. एका म्हाताऱ्याची १८२० ची यादी टंकतोय. लिहिलंय: "१ लोखंडी हंडा. १ ओल्ड डो." डी, ओ, पुढे टिंब. 'डो' म्हणजे हरिणी? 'ई' गाळला असेल, तेव्हा स्पेलिंगला कोण विचारतं. पण भिकेला लागलेला म्हातारा म्हातारी हरिणी का पाळेल? कुणाला काही सुचतंय का?

सुगरण_नसलेली | शनिवार, रात्री ११:३८

वाचनखूण साठवली. हरिणीचं पुढे काय झालं ते कळवा, झोप लागणार नाही.

बारामतीचा_बंड्या | रविवार, सकाळी ७:५५

लेख छान, पण हे 'सामान्य माणसाने क्रांती केली' प्रकरण हल्ली फार गोड करून सांगतात. चार हजार लोकांनी वीस-पंचवीस माणसांना घेरून टोप्या काढायला लावल्या, याला आपल्या गावात दमदाटी म्हणतात. याच लोकांनी जकात-अंमलदारांना गरम डांबर फासून पिसं चिकटवली. बोस्टनमध्ये उपगव्हर्नर हचिन्सनचं घर १७६५ मध्ये पार खांबापर्यंत फोडलं. शिवाय सगळे काही क्रांतीच्या बाजूचे नव्हते. राजाशी इमान राखणारे ६०,००० च्या आसपास लोक देश सोडून गेले, तेही सामान्यच होते की. आणि वॉशिंग्टन नसता तर तुमचे ४,६२२ लोक दुसऱ्या हिवाळ्यात घरी गेले असते. बरेच गेलेही.

वूस्टरकर | रविवार, सकाळी ९:२०

बंड्याभाऊ, डांबराचं खरं आहे. गोड करून सांगायचं नाहीच मला. त्याचीच एक गंमत सांगतो.

जॉर्ज रॉबर्ट ट्वेल्व्ह्ज ह्यूज. होय, एवढं मोठं नाव, आणि माणूस उंचीला जेमतेम पाच फूट. बोस्टनचा चांभार. कर्जापायी तुरुंगातही जाऊन आलेला. १७७३ च्या चहाच्या रात्री तो जहाजावर होता. पुढच्याच महिन्यात रस्त्यात एक जकातवाला एका पोराला काठी उगारून दटावत होता, तेव्हा हा मध्ये पडला आणि ती काठी याच्या डोक्यात बसली. जमावाने त्या जकातवाल्याला डांबर फासलं ते ह्या निमित्ताने. आणि ह्यूज स्वतः काय करत होता? त्या माणसाच्या अंगावर पांघरूण टाकायला मागे धावत होता. तर जमाव म्हणजे एकच माणूस नसतो.

त्याचं तरुणपणीचं बोस्टन कसं होतं? ऐपतवाल्या हॅनकॉकच्या घरी एकदा नव्या वर्षाच्या शुभेच्छा द्यायला गेला होता तर पाय लटपटत होते. तोच पुढे युद्धात जहाजावर भरती झाला. रस्त्यात तिथल्या एका अधिकाऱ्याने टोपी काढून मुजरा कर म्हटलं, तर 'मी कुणापुढे टोपी काढत नाही' म्हणाला आणि ते जहाजच सोडलं. मला वाटतं, बदललं काय ते एवढ्यात येतं. टोपी.

आणि पुढाऱ्यांचं मत ऐका. १७७० चा बोस्टनचा गोळीबार. त्यात पाच मेले: क्रिस्पस अ‍ॅटक्स, खलाशी, आफ्रिकी आणि मूळनिवासी रक्ताचा. दोरखंडाच्या कारखान्यातला एक. आणखी एक खलाशी. सतरा वर्षांचं एक शिकाऊ पोर. चामड्याचं काम करणारा एक आयरिश. गोळ्या झाडणाऱ्या इंग्रज शिपायांचं वकीलपत्र जॉन अ‍ॅडम्सने घेतलं, आणि भर कोर्टात या जमावाचं वर्णन उद्धट पोरं, काळे, मिश्र रक्ताचे, आयरिश आणि उपरे खलाशी यांची खिचडी असं केलं. तोच अ‍ॅडम्स पुढे राष्ट्राध्यक्ष. दोष देत नाही, वकील म्हणून त्याने काम चोख केलं, बहुतेक शिपाई सुटले. पण राष्ट्राचा पाया कुणाच्या रक्तावर घालायचा हे ठरलं तेव्हा तीच खिचडी कामाला आली.

मोडी_शिकतोय | रविवार, दुपारी १२:०५

आमच्या वर्गात कैफियती वाचतो त्याची आठवण झाली. भाषा अगदी तीच असेल ना, 'सदर अर्जदार शपथेवर सांगतो की'? कारकून तिसऱ्या पुरुषात लिहितो आणि मधेच म्हाताऱ्याचा स्वतःचा आवाज फुटून बाहेर येतो. लढाईत पडलेल्याच्या पोराबाळांसाठी पेशवाईत 'बालपरवेशी' होती, म्हणजे हा प्रश्न आपल्याकडेही राज्यकर्त्यांना सुटला नव्हता.

पुरावा काय मागायचे पण? डिस्चार्जचा कागद चाळीस वर्षं कोण जपणार?

'डो'बद्दल: कणकेला 'डो' म्हणतात. कणीक मळायची काथवट असेल?

वूस्टरकर | रविवार, दुपारी १२:४०

म्हातारी कणीक! :) पण काथवटीची कल्पना वाईट नाही, लिहून ठेवतो.

पुराव्याचं विचाराल तर जो कागद असेल तो. नसेल तर बरोबर लढलेल्या दोन शेजाऱ्यांची साक्ष. १८३६ पासून विधवांनाही पेन्शन सुरू झालं, तेव्हा लग्नाचा पुरावा लागायचा. लग्न-जन्माच्या नोंदी घरच्या बायबलच्या कोऱ्या पानांवर असत. बायकांनी ती पानं फाडून अर्जाला जोडली. ती अजून फायलीतच आहेत. परत गेली नाहीत.

माईची_चूल | रविवार, दुपारी ३:१५

तुम्ही विधवांवर येईपर्यंत थांबले होते. :)

सेरा ऑस्बर्नची जबानी वाचली नसेल तर आधी ती वाचा. १८३७, वय ८१. नवरा लोहार, तिला न विचारता सैन्यात नाव घालून आला आणि मग म्हणे तूही चल. ती गेली. धुणं, शिवण, रांधणं. एकदा नवरा जड सामान उचलायला गेला तर त्याचा कोट घालून, बंदूक घेऊन पहाऱ्यावर उभी. वॉशिंग्टन येऊन विचारतो, तुला इथे कुणी उभं केलं? ही म्हणते, ज्यांचा अधिकार आहे त्यांनी.

पुढे यॉर्कटाउनला, युद्धातल्या शेवटच्या मोठ्या लढाईत, तोफा चालू असताना खंदकात मांस, पाव, कॉफी घेऊन जायची. पुन्हा तोच वॉशिंग्टन, गोळ्यांची भीती नाही वाटत का? हिचं उत्तर, माणसांनी लढायचं आणि वर उपाशीही राहायचं, असं कसं चालेल?

त्या नवऱ्याने पुढे तिला सोडून दुसरी केली, हे सांगायलाच नको. पेन्शन मात्र त्याच्याच नावावर मागायची. 'मी खंदकात अन्न नेलं' या नावाचा रकानाच नव्हता.

डेबोरा सॅम्पसन दीडेक वर्ष पुरुषाच्या वेशात रॉबर्ट शर्टलिफ म्हणून लढली, तिची गोष्ट सगळे सांगतात. सेराची कुणी सांगत नाही. बाई बंदूक घेऊन उभी राहिली तरच तिचा इतिहास होतो, पातेलं घेऊन उभी राहिली तर नाही. फिलाडेल्फियाच्या बायकांनी १७८० मध्ये दारोदार फिरून शिपायांसाठी पैसे जमवले. त्यांची इच्छा रोख वाटायची होती. वॉशिंग्टन म्हणाले नको, दारूत घालवतील, सदरे शिवा. मग दोन हजारांवर सदरे शिवले आणि प्रत्येक सदऱ्यावर शिवणारणीने आपलं नाव घातलं. ते मला फार आवडतं. बोलले काही नाही, नाव तेवढं घातलं.

कृष्णाकाठ | रविवार, रात्री ८:३०

सहसा वाचनमात्र असतो, पण वरचा प्रतिसाद वाचून लिहितोय.

आमची आजी वाळवा भागातली. ४३-४४ साली पत्री सरकारची माणसं रात्री-अपरात्री रानातल्या वस्तीवर यायची. नाना पाटलांना तिने एकदाच लांबून बघितलेलं, पण माणसं मात्र नेहमीची. आजोबा वाटा दाखवायचे. आजी भाकरी करायची, आणि चुलीचा धूर दिसू नये म्हणून पहाटेच्या आत. पोलीस आले तेव्हा तिने पिठाच्या कणगीत काय लपवलं होतं ते मेली तोवर सांगितलं नाही.

१९७२ ला केंद्राची पेन्शन सुरू झाली. आजोबांनी अर्ज केला. तुरुंगात सहा महिने काढल्याचा दाखला पाहिजे, नाहीतर भूमिगत असल्याचा कागद. आजोबा कधी सापडलेच नाहीत, म्हणजे काम चांगलं केलं, म्हणून दाखला नाही. एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत दोन वर्षं. मग सोडून दिलं. आजीला मी विचारलं होतं, तू का नाही अर्ज केलास? म्हणाली, "आमी काय केलं बाबा? भाकऱ्या थापल्या. त्या रोजच थापतो."

मला विचारायचंय ते हे. त्या वूस्टरच्या शेतकऱ्यांना शेवटी मिळालं काय?

माईची_चूल | रविवार, रात्री ८:५२

आजींना नमस्कार. कणगीत काय होतं याचा अंदाज तरी?

कृष्णाकाठ | रविवार, रात्री ९:०५

आत्याचं म्हणणं काडतुसं. चुलत्यांचं म्हणणं माणूस. कणगी मोठी होती.

निळी_पाटी | रविवार, रात्री १०:१०

एक बाजू अजून कुणी मांडली नाही म्हणून.

वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्ननवर घोडे सांभाळणारा एक गुलाम होता, हॅरी. व्हर्जिनियाचा इंग्रज गव्हर्नर डनमोर याने नोव्हेंबर १७७५ मध्ये जाहीर केलं की बंडखोरांचे जे गुलाम आमच्या बाजूने येतील ते मोकळे. हॅरी १७७६ मध्ये पळाला. म्हणजे ज्या वर्षी मालकाने स्वातंत्र्य जाहीर केलं त्याच वर्षी नोकराने ते घेतलं, विरुद्ध बाजूला जाऊन. १७८३ मध्ये इंग्रजांनी न्यूयॉर्क सोडताना ३,००० काळ्या माणसांची नावं एका वहीत नोंदली आणि जहाजांनी नोव्हा स्कोशियाला नेली. त्यात हा 'हॅरी वॉशिंग्टन'. पुढे सिएरा लिओनला गेला. तिथे इंग्रज कंपनीने जमिनीवर खंड लावला, तर १८०० मध्ये त्याविरुद्धच्या बंडात हाही होता आणि हद्दपार झाला. कर देणार नाही म्हणून बंड करणारा हाही एक वॉशिंग्टनच. त्याचं चित्र कुठल्या नोटेवर नाही.

दुसरी बाजूही सांगतो. लेक्सिंग्टनला युद्धाच्या पहिल्या दिवशी जखमी झालेल्यांत प्रिन्स एस्टाब्रुक हा गुलाम होता. ऱ्होड आयलंडने १७७८ मध्ये गुलामांना स्वातंत्र्याच्या बोलीवर पलटणीत घेतलं. आणि मॅसॅच्युसेट्समधली बेट नावाची गुलाम बाई. १७८० च्या राज्यघटनेत 'सर्व माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान' हे तिच्या कानावर पडलं. ती वकिलाकडे गेली, हे वाक्य मला लागू होतं का विचारायला. १७८१ मध्ये खटला जिंकली आणि एलिझाबेथ फ्रीमन झाली. वाचता येत नव्हतं. ऐकलेलं एक वाक्य खरं धरलं आणि थेट कोर्टात नेलं.

यात आपला धागा कुठे, तर जोतिबांकडे. टॉमस पेन हा मुळात बायकांच्या चोळ्यांचे कडक बंद शिवणारा कारागीर. १७७६ च्या जानेवारीत त्याने राजाची गरजच काय असा सवाल करणारी पुस्तिका साध्या इंग्रजीत लिहिली आणि ती खानावळीत मोठ्याने वाचली जायची. त्याच पेनचं माणसाच्या हक्कांवरचं लेखन पुण्यात तरुण जोतिराव आणि त्यांच्या मित्रांनी १८४७ च्या सुमारास वाचलं. आणि १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांना दास्यातून सोडवल्याबद्दल. कुणा राष्ट्राध्यक्षाचं नाव नाही त्यात. लोकांना अर्पण.

सुगरण_नसलेली | रविवार, रात्री १०:३१

हा धागा सोडून आमच्या पोराचं इतिहासाचं पुस्तक कोण वाचणार. +१ निळी_पाटी.

बारामतीचा_बंड्या | सोमवार, सकाळी ८:४०

फुल्यांच्या अर्पणपत्रिकेचं माहीत होतं, पेनच्या धंद्याचं नव्हतं. मान्य.

जोड म्हणून दोन गोष्टी, धागा भरकटवून भांडण लावत नाही, घाबरू नका. बोस्टनला बुडवला तो चहा आपला नव्हे, चिनी होता. ३४२ पेट्या. पण विकणारी कंपनी आपल्याच ओळखीची. कंपनी बुडायला आली होती म्हणून तर तिला अमेरिकेत थेट चहा विकायची मुभा दिली. १७७० च्या बंगालच्या दुष्काळाच्या बातम्या तिकडे पोचल्या होत्या. फिलाडेल्फियाच्या डिकिन्सनने १७७३ च्या पत्रकात लिहिलं की ही तीच कंपनी, जिच्यापायी तिकडे लाखो लोक उपाशी मेले, आता आपल्या दारात आलीय.

आणि पेनसिल्व्हेनियाच्या एका लढाऊ जहाजाचं नाव 'हैदर अली' होतं! एप्रिल १७८२ मध्ये त्याने डेलावेअरच्या उपसागरात इंग्रजांचं 'जनरल मंक' पकडलं. वडगावला आपण १७७९ मध्ये इंग्रजांना तहावर आणलं तेव्हा तिकडेही त्यांची हीच गत चालली होती. यॉर्कटाउनला हरलेला कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी आपल्याकडे गव्हर्नर जनरल म्हणून आला आणि १८०५ मध्ये गाझीपूरला मेला. तिथे हरला तो इथे वसूल करून गेला.

वूस्टरकर | सोमवार, रात्री १०:०० (तिकडची वेळ धरा)

'हैदर अली' जहाज! बंड्याभाऊ, दंडवत.

कृष्णाकाठ, तुमच्या प्रश्नाला दिवसभर टाळत होतो.

शिपायांना पगाराऐवजी हुंड्या मिळाल्या होत्या, सरकार पुढेमागे देईल असे कागद. घरी पोरं उपाशी. त्यांनी ते कागद मिळेल त्या भावात सावकारांना विकले. मग राज्याने ठरवलं की या कागदांचे पैसे चुकते करायचे, आणि त्यासाठी शेतकऱ्यांवर कर, तोही रोख नाण्यात. म्हणजे ज्याने कागद पडत्या भावात विकला त्यानेच कर भरून सावकाराला पूर्ण किंमत द्यायची. नाही भरला की कोर्ट, जप्ती, तुरुंग.

मग त्यांनी काय केलं? जे येत होतं तेच. सप्टेंबर १७८६ मध्ये पुन्हा वूस्टरच्या कोर्टापुढे जमले, बंदुका घेऊन. बारा वर्षांत तारखेचा फरक एका दिवसाचा. पायऱ्यांवर न्यायाधीश कोण? आर्टेमस वॉर्ड, १७७५ मध्ये बोस्टनच्या वेढ्यात यांचाच सेनापती. त्याच्या छातीला संगिनी लावल्या. वॉर्डचं घर आमच्या श्रूजबरीत अजून आहे, तिथूनच मी रोज जातो. पुढाऱ्यांत डॅनिअल शेज, युद्धातला कप्तान. फ्रेंच सेनानी लाफाएतने भेट दिलेली तलवार त्याला पैशासाठी विकावी लागली होती. जानेवारी १७८७ मध्ये स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारापुढे त्याच्या माणसांवर तोफ चालली, चार मेले. १७७४ ला ज्याला देशभक्ती म्हटलं त्याला १७८६ ला बंड म्हटलं. जुना आंदोलक सॅम्युअल अ‍ॅडम्स फाशीच द्या म्हणणाऱ्यांत होता. राजाविरुद्ध बंड केलं तर माफी समजू शकतो, प्रजासत्ताकाविरुद्ध नाही, असा त्याचा हिशेब.

आता निळी_पाटी यांच्या बेटची उरलेली गोष्ट. त्याच वेळी शेजच्या बाजूचे लोक तिच्या वकिलाचं घर लुटायला आले. ती तिथे कामाला होती. तिने मालकाची चांदी आपल्या पेटीत दडवली आणि त्यांना दारात आडवी गेली. तिला स्वातंत्र्य ज्या कोर्टाने दिलं तेच कोर्ट हे लोक बंद पाडत होते. सामान्य माणूस विरुद्ध सामान्य माणूस. यात मी कुणाच्या बाजूने, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मिळालं काय म्हणाल तर, शेजला माफी मिळाली. पुढच्या निवडणुकीत गव्हर्नर पडला, कर थोडे हलके झाले. आणि तीसेक वर्षांनी महिना ८ डॉलर.

मोडी_शिकतोय | सोमवार, रात्री ११:२५

पण ही माणसं मुळात गेली कशासाठी लढायला? अर्जात कारण लिहितात का कुणी?

वूस्टरकर | मंगळवार, पहाटे ५:५०

नाही. अर्जात फक्त कुठे, कधी, कुणाच्या हाताखाली. कारणाचा रकाना नाही.

पण लेव्हाय प्रेस्टन नावाच्या म्हाताऱ्याला १८४० च्या दशकात एका तरुणाने विचारलं होतं. वय ९१, युद्धाच्या पहिल्या दिवशीच्या लढाईतला. जुलूम असह्य झाला होता का? मला नाही जाणवला. स्टॅम्पचा कर? एक स्टॅम्प बघितला नाही. चहा? घोटभर प्यालो नाही, पोरांनी समुद्रात टाकला. मग थोर तत्त्वज्ञ वाचले असतील? नावं ऐकली नाहीत, घरात बायबल, प्रार्थनेची पुस्तकं आणि पंचांग. मग का गेलात? तर म्हणाला, आमचा कारभार आम्हीच करत आलो होतो आणि पुढेही करणार होतो. त्यांना ते नको होतं.

(हे सगळं त्या तरुणाने म्हातारपणी लिहून काढलंय, तेव्हा शब्दाला शब्द धरू नका.)

निवृत्त_कारकून | मंगळवार, सकाळी १०:१५

धागा उशिरा पाहिला. पस्तीस वर्षं एका बँकेत खतावण्या भरल्या, त्यावरून सांगतो. डी, ओ, टिंब म्हणजे 'डिट्टो'. आमच्या जुन्या इंग्रजी लेजरांत साहेबाच्या हाताचं पानोपानी असायचं. वरची ओळ 'लोखंडी हंडा' असेल तर खालची 'एक सदर, जुना'.

वूस्टरकर | मंगळवार, सकाळी १०:५०

अरे देवा.

आत्ता मागची पानं काढून बघितली. 'एक खुर्ची, दोन जुने डो.' 'एक ब्लँकेट, एक डो.' मी मार्चपासून तीन फायलींत हरिणी टंकल्या आहेत.

सुगरण_नसलेली | मंगळवार, सकाळी १०:५४

ब्लँकेटखाली हरिणी. :))

माईची_चूल | मंगळवार, सकाळी ११:०२

पण म्हणजे त्याच्याकडे दोन हंडे होते. एक बरा, एक जुना. लिहा नीट.

वूस्टरकर | मंगळवार, सकाळी ११:०६

लिहितोय. हंडे दोन.